आईच्या आवाजातलं पुस्तक

"हिची आई कोणती?" पाव्हण्यानं विचारलं.

तात्यांनी हातातल्या कणसानं आगटीकडं दाखवलं. आगटी म्हंजे हुरडा भाजायचा खड्डा. आत गवऱ्या पेटलेल्या, वर ज्वारीची कवळी कणसं. त्याच्या कडंला माझी आई बसली व्हती. भाजलेलं कणीस गरम गरम तळहातावर चोळायचं अन् हिरवे दाणे ताटात पाडायचे, हे तिचं काम. तिच्या हाताला तूस चिकटलेलं.

"ती काय, बसली," तात्या म्हणले. "नक्कल बगितली ना? आता अस्सल बगा. ए धनगरीण, उभी ऱ्हा की जरा."

आई उभी राहिली.

"बोला मावशी कायतरी," पाव्हणा म्हणला.

आईनं मान जराशी डावीकडं कलती केली. पदर सावरला. अन् म्हणली, "काय बोलू जी मालक?"

सगळे फुटले. एक जण तर खुर्चीवरून खाली आला. कारण आर्ध्या मिंटापूर्वी मी तेच बोलले व्हते. तोच आवाज, तोच लांबवलेला 'जी', तीच डावीकडं कललेली मान. आईची नक्कल करून मी नुकतीच टाळ्या घेतल्या व्हत्या, अन् आता आई माझी नक्कल करत हाय असं वाटायलं.

"ओरिजनल अन् डुप्लिकेट एका फ्रेममधी घ्या रे," कुणीतरी म्हणलं. मला आईच्या शेजारी उभं केलं. मोबाईल वर झाले. "आता दोघी संगट बोला. वन, टू, थ्री."

आमी दोघी संगट बोललो. काय बोलू जी मालक.

आई तोंडात पदर धरून हसत व्हती. मी पण हसले. हे पैलं सांगून ठेवते, म्हंजे मागून कुणी म्हणायला नको की पोरगी लई स्वाभिमानी व्हती. न्हवती. मी हसले अन् वाकून नमस्कार बी केला. नाटकातल्यावानी.

मला नकला कावून येतात ते मला माहीत न्हाई. लहानपणापासून येतात. नेकनूरहून बीडला जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर, नाकातून बोलणारे आमचे हेडमास्तर, कुकरची तिसरी शिट्टी, गिरणीचा पट्टा निसटल्यावर येणारा आवाज, बातम्या देणारी बाई. शाळेत मास्तर वर्गात नसले की पोरं म्हणायची, "ए, हेडमास्तर काढ." मी काढायचे. एकदा खरे हेडमास्तर दारात उभे व्हते. त्यांनी मारलं न्हाई. म्हणले, "गॅदरिंगला नाव दे." गॅदरिंगला तात्या आलते. शाळा त्यांचीच. साखर कारखान्यात पण ते, पतपेढीत पण ते, अन् गावात तर तेच. तिथून माझं नाव त्यांच्या डोक्यात बसलं. घरी कुणी पाव्हणा आला की निरोप यायचा, "त्या नकलीवाल्या पोरीला पाठवा."

अन् निरोप आला की जावंच लागायचं. कारण मेंढ्या.

आमी धनगर. बाप मोठा कळप घेऊन गंगथडीला जातो, म्हंजे गोदावरीच्या काठानं, अन् आठ म्हैने तिकडंच. घरी मी, आई अन् चाळीसेक मेंढ्या. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढ्या बसवायला सांगतो. भवती वाघर लावायची, वाघर म्हंजे जाळी, अन् आत मेंढ्या रात्रभर बसवायच्या. लेंड्या पडतात, मूत पडतं, रानाला खत मिळतं. त्याच्या बदल्यात आमाला ज्वारी मिळते, मेंढ्यांना धाटं अन् हिरीचं पाणी. गावात पाणी टिकलेलं रान एकच, तात्यांचं. तिथं मेंढ्या बसवायला मिळाल्या तर आईला घर सोडावं लागत न्हाई. न्हाई मिळाल्या तर तिला पण कळपामागं जावं लागंल. एवढं सरळ हाय.

म्हणून हुरडा चोळायला ये म्हणलं की आई जायची. नकला करायला ये म्हणलं की मी जायची. त्याला कुणी काम म्हणत न्हाई. बोलवणं म्हणतात.

आईची नक्कल मी त्या दिवशी पैल्यांदा न्हाई केली. तात्यांच्या वाड्यावर… न्हाई, वाडा कसला, बंगला हाय, वर सोलर, खाली दोन गाड्या. तिथं मी ती आधी चारपाच वेळा केलती. पण आई समोर नसायची. लोकं कंडक्टरला हसायची, हेडमास्तरला हसायची, पण आईला लई हसायची. ज्याला जास्त हसतात ते शेवटी ठेवायचं, हे नक्कल करणाऱ्याला शिकवावं लागत न्हाई.

हुरडा संपल्यावर तात्यांच्या सूनबाईंनी मला मागं बोलवलं. आमी त्यांना वहिनीसाहेब म्हणतो. पुण्यात शिकल्यात. बोलणं लई गोड. त्यांनी एक पिशवी दिली.

"हे घे गं. माझे जुने ड्रेस आहेत. तुला कॉलेजला होतील. किती सुंदर करतेस आईची नक्कल, अगदी जिवंत."

मी पिशवी घेतली. थँक्यू म्हणले. थँक्यू पण त्यांच्याच आवाजात म्हणले, त्यांना ते आवडलं.

येताना बांधावरून आई पुढं, मी मागं. मग आई न वळता म्हणली, "म्या मान वाकडी करते व्हय गं?"

"न्हाई."

"मग तू कावून केलीस?"

"हसतात म्हणून."

"हां," आई म्हणली.

मग घरापतूर ती मान ताठ धरून चालली. डोक्यावर भरलेली घागर हाय अन् सांडायला नको, तशी. डोक्यावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात ती क्लिप आमच्या आधी गावात पोचली व्हती. दिवस मावळायच्या आत गावातल्या ग्रुपवर. त्याच्यावर लिहिलेलं, ओरिजनल कोणती ते ओळखा. खाली हसून हसून रडणारी तोंडं, शंभर तरी. पुढच्या आठवड्यात आई कोकरू घेऊन नेकनूरच्या बाजारात गेली. मी संगट व्हते. एक टोळकं गाडीवर बसलं व्हतं. त्यातला एक म्हणला, "ए, ती बघ बे, जी मालकवाली." दुसऱ्यानं मान कलती केली अन् म्हणला, "काय बोलू जी मालक?" नक्कल बेकार व्हती. 'जी' आखूड. मला पैलं ते खटकलं, की 'जी' आखूड केला. मग बाकीचं.

आई त्यांना बघून हसली. तिला ती सवय हाय. कुणी हसलं की हसायचं.

मला राग आला असं सांगितलं तर ते खोटं हुईल. दात काढायच्या आधी डाक्टर सुई टोचतो, मग गाल आपला वाटत न्हाई, हातानं दाबला तरी दुसऱ्याचा वाटतो. तसं झालं. जेवत व्हते, कॉलेजला जात व्हते, बारावीचं वरीस व्हतं. पोरी म्हणायच्या, "ए, आईची कर ना." मी करायची. काही न्हाई वाटायचं.

पिशवीत दोन ड्रेस, एक स्वेटर अन् सगळ्यात खाली एक पुस्तक निघालं. चुकून आलं का चुलीला हुईल म्हणून टाकलं, ते आजून माहीत न्हाई. वरचं कव्हर नव्हतं. पैली चारपाच पानं पण नव्हती. नाव कळलं न्हाई, लिवणाराचं पण न्हाई. एका पानावर चहाच्या कपाचा गोल.

मी तोवर कादंबरी वाचली नव्हती. धडे वाचले व्हते. म्हणून हा पण धडाच आसंल म्हणून वाचायला घेतला. पण धडा संपंना. खाली प्रश्न येईनात. एका वाक्यात उत्तरं लिहा येईना, रिकाम्या जागा येईनात. कुठं थांबायचं तेच कळंना.

अन् मला तवा मनात वाचता येत नव्हतं. तोंडानं वाचावं लागायचं, अन् तोंडानं वाचलं की आवाज काढावे लागायचे. पुस्तकात एक मोठ्या घरचा मालक व्हता, त्याला मी तात्यांचा आवाज दिला. एक कारकून व्हता, त्याला हेडमास्तरांचं नाक. एक म्हातारा सारखा सगळ्यांना सरका सरका म्हणायचा, त्याला आमचा कंडक्टर. मजा यायली. आई चुलीम्होरं भाकरी थापत व्हती अन् मधीच हसत व्हती. कंडक्टर तिला लगेच कळला.

पण पुस्तक सांगत व्हती एक बाई. मीठ इकायची ती. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार. कुणाशी फार बोलायची न्हाई, पण पुस्तकभर 'मी' 'मी' म्हणून तीच सांगत व्हती. तिला कोणता आवाज द्यावा? पैलं आमच्या मराठीच्या मॅडमचा दिला. शाळेतल्या प्रार्थनेवानी वाटलं. मग बातम्यावाल्या बाईचा दिला. मीठ इकणारी बाई हवामान सांगायली असं वाटलं. मग वहिनीसाहेबांचा दिला. तो तर बसतच नव्हता, दोन ओळीत गळून पडला.

मग मला गंमत सुचली. आई समोरच व्हती. म्हणलं, हिचाच काढू. मान डावीकडं कलती केली, 'जी' लांब करायला घसा तयार केला, अन् वाचायला सुरवात केली.

पुस्तकात तिथं ती बाई त्या मोठ्या घरी मीठ द्यायला गेलती. मालकीण तिला म्हणती, पाटी लांबच ठेव. बाई तोंडानं नुसतं हां म्हणती. पण मनात ती बोलायला लागती, अन् ते पुढं पानभर चालतं. ती मालकीण बोलता बोलता आतल्या दाराकडं कशी बघती ते हिला दिसतं. मालकीण कुणाला भेती ते हिला नेमकं कळतं. ह्या घरात कोण खोटं बोलतं, कोण उपाशी झोपतं, कुणाला कुणाची लाज वाटती, सगळं तिला माहीत. ती त्या घराची मापं काढती, न बोलता, पाटी खाली ठेवता ठेवता.

मी ते आईच्या आवाजात वाचत व्हते. आर्धं पान झालं अन् माझी मान सरळ झाली. मी केली न्हाई. झाली.

कारण त्या आवाजात मी कधी एवढी लांब वाक्यं घातलीच नव्हती. माझ्याकडं आईची तीन वाक्यं व्हती. काय बोलू जी मालक. व्हय जी मालक. आमाला काय कळतंय जी. तेवढ्यावर मी टाळ्या घेत व्हते. आवाज तिचा व्हता, अगदी तंतोतंत, पण आत काय घालायचं ते हसणारे ठरवत व्हते. अन् मी, तिची पोरगी, ते घालत व्हते. आता त्याच आवाजात कुणीतरी विचार करायलं व्हतं. अन् तो आवाज ते पेलत व्हता. जराही कुठं फाटत नव्हता.

आईचे हात थांबले.

"कोण हाय ही?"

"मीठ इकती."

"ही हे त्या मालकिणीला बोलली?"

"न्हाई. मनातल्या मनात."

"मनातलं बी लिवत्यात व्हय पुस्तकात?"

"हो."

"कुणाचं बी?"

तव्यावरची भाकर जळली. आईनं ती उलटली, बघितली, अन् जळलेली बाजू खाली करून माझ्याच ताटात वाढली.

"वाच म्होरं," म्हणली.

मग रोज वाचलं. दिवस कलला की मेंढ्या वाघरीत घालायच्या अन् उजेड हाय तवर बांधावर बसून वाचायचं. आई दुखऱ्या पायाला ओली माती लावत ऐकायची. दोनतीन दिसांनी ती मला अडवायला लागली.

"आसं न्हाई. हितं ती चिडली हाय."

"मग चिडूनच वाचलं की."

"तू वरडलीस. चिडलं की वरडत न्हाईत. हळू बोल. लई चिडली आसंल तर आजून हळू."

मी हळू वाचलं.

"आजून."

आजून हळू वाचलं.

"हां. आता झालं."

मी तिच्याकडं बघत राहिले. सतरा वर्षं त्या बाईच्या संगट एका पांघरुणात झोपले, अन् तिचा चिडलेला आवाज मला माहीत नव्हता. कंडक्टर पान खाऊन कसा बोलतो अन् न खाता कसा बोलतो, ते मला माहीत व्हतं. म्हंजे आई माझ्यासमोर हजारदा चिडली आसंल. हळू बोलली आसंल. अन् मला वाटलं आसंल, बरं हाय, आज शांत हाय.

पुस्तक संपलं तवा ती मीठवाली त्या मोठ्या घरी जायचं बंद करती, एवढंच हुतं. भांडण न्हाई, काही न्हाई. एक दिवस ती त्या गल्लीकडं वळत न्हाई. बास.

"मग?" आई म्हणली.

"संपलं."

"मग ती मीठ कुठं इकती?"

"ते लिहिलं न्हाई."

"लिवायला पायजे व्हतं," आई म्हणली, अन् मेंढ्यांकडं गेली.

त्याच हंगामात तात्यांनी दुसरा हुरडा ठेवला. पाव्हणे मोठे व्हते. आठधा गाड्या बांधापतूर आल्या. खुर्च्यांना कापडं घातली व्हती. आई सकाळपासून आगटीपाशी. मला अकराला बोलवलं. मी वहिनीसाहेबांचाच ड्रेस घातला व्हता, दुसरा चांगला नव्हता.

"हीच का ती क्लिपवाली?" एक मोठे साहेब म्हणले.

"हीच," तात्या म्हणले. "ए पोरी, चालू कर. कंडक्टर घे पैलं."

कंडक्टर घेतला. हसले. हेडमास्तर घेतले. ते स्वतःच खुर्चीत बसले व्हते, ते पण हसले. कुकर घेतला. मग तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप केलं.

"आता मेन आयटम. आई."

मोबाईल वर झाले. कुणीतरी आईला म्हणलं, "मावशी, जरा इकडं तोंड करा, दोघी आल्या पायजेत." आईनं तोंड केलं.

मी आदल्या रात्री काही ठरवलं नव्हतं. लोकं म्हणतात ना, आतून आग उठली, तसलं काही झालं न्हाई. मी मान कलती करायला गेले अन् मान कलंना. तेवढंच. मग म्हणलं, कलत न्हाई तर न्हाई.

"न्हाई करत," मी म्हणले.

"कावून?"

"येत न्हाई मला."

"अगं परवा तर केलीस!"

"परवा पण येत नव्हती, तात्या. तुमाला हसू यावं म्हणून मी एक बाई बनवली व्हती. माझी आई तशी न्हाई बोलत."

कुणी हसलं न्हाई. एक मोबाईल खाली आला. बाकीचे वरच राहिले. मग ते मोठे साहेब लई मवाळ आवाजात म्हणले, "बरं बरं. मग कशी बोलते तुझी आई? ते दाखव."

अन् हितं माझी चूक झाली. ती मी कुणाला सांगत न्हाई. मी म्हणले, "तिलाच विचारा. ती बसलीय की."

सगळ्यांनी आईकडं बघितलं. परत. तेच मोबाईल, तीच आगटी, हाताला तेच तूस. त्यांनी जे केलतं तेच मी केलं. तिला परत उभी केली.

आई उठली न्हाई. कणीस चोळायची थांबली न्हाई. अन् म्हणली, "हुरडा गार व्हायलाय. खावा."

हळू म्हणली. लई हळू. आजून हळू.

त्या सगळ्या माणसांमधी तो आवाज फक्त मला कळला. ती कुणावर चिडली व्हती, त्यांच्यावर का माझ्यावर, ते मला आज पण कळलं न्हाई.

तात्या हसले. "कॉलेजचं वारं लागलं पोरीला," म्हणले. "खावा खावा, हुरडा खावा." वहिनीसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"असं पाहुण्यांसमोर करतात का गं? किती जीव लावला आम्ही तुला. अंगावरचा ड्रेससुद्धा—"

"धुवून आणून देते," मी म्हणले.

दुसऱ्या दिवशी दिला. दोन्ही ड्रेस धुतले, घड्या घातल्या, स्वेटर वर ठेवला, अन् पायरीवर ठेवून आले. पुस्तक न्हाई दिलं.

मी पायरीवरून माघारी आले तवा तात्यांचा गडी आमच्या वाघरीपाशी उभा व्हता. तो म्हणला, "मेंढ्या हलवा. रान नांगरायचंय." रान त्यांनी पुढं दीड म्हैना नांगरलं न्हाई. आमी वाघर गुंडाळली. खुंट्या उपटल्या. आईनं एकेक खुंटी माती पुसून मोजून पोत्यात घातली. गावात चार घरी विचारलं. एक म्हणला पुढच्या वर्षी बगू, एक म्हणला पोरांना विचारतो, दोन नुसते आत गेले. तात्यांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागत न्हाई.

आई तीन दिवस बोलली न्हाई. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता म्हणली, "मी हसत व्हते की."

"काय?"

"मी हसत व्हते. तुला कुणी सांगितलं मला वाईट वाटतंय म्हून?"

"मग न्हाई वाटलं?"

आईनं तवा घासला. एका बाजूनं. मग दुसऱ्या बाजूनं. मग परत पैल्या बाजूनं.

"तुजं त्वांड जरा बंद ठेवलं असतंस तर काय झालं असतं?" म्हणली. मोठ्यानं म्हणली. म्हणून मला वाटलं, लई न्हाई चिडली.

आमच्या कॉलेजात परवा एक पाव्हणे आलते. भाषणात म्हणले, एक पुस्तक माणसाचं आयुष्य बदलून टाकतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. ते खरंच हाय. एक पुस्तक वाचलं अन् माझ्या आईचं रान गेलं. पैल्या हिवाळ्यात तिनं मेंढ्या रस्त्याच्या कडंला चारल्या. दुसऱ्या हिवाळ्यात चाळीसच्या पंचवीस राहिल्या. हे त्या पाव्हण्यांनी सांगितलं न्हाई. त्यांना बोलायला वीस मिंटं व्हती.

मी आता बीडात हाय. बीएच्या दुसऱ्या वर्षाला. चार पोरीत एक खोली. कॉलेजच्या लायब्ररीत बसते, पुस्तकं वाचते. आता मनात वाचता येतं, पण आवाज येतातच. नकला पण करते. गणपतीत केल्या, गॅदरिंगला केल्या. लोकं बोलवतात. पण एक ठरवलंय. ज्याची नक्कल करताना मला भ्याव वाटत न्हाई, त्याची करायची न्हाई. कंडक्टर बंद केला. झाडूवाल्या मावशी बंद केल्या. खोलीतली एक पोरगी बोबडं बोलती, पोरी म्हणतात तिची कर, न्हाई करत. प्राचार्यांची करते. सभापतींची करते. करताना भ्याव वाटतं. मग बरोबर हाय म्हणायचं अन् पुढं जायचं.

ती क्लिप आजून फिरती. हुरड्याचे दिवस आले की कुणीतरी परत टाकतं. मला अनोळखी पोरानं पाठवलीती, भारी ना म्हणून. त्याला मी ओळखू आले न्हाई. दुसऱ्या हुरड्याची क्लिप कुठंच आली न्हाई. इतके मोबाईल वर व्हते. एकानं पण टाकली न्हाई.

ह्या दिवाळीला घरी गेले तर तात्यांचा निरोप येऊन पडला व्हता. झालं गेलं सोडून द्या. पोरगी हुरड्याला येऊ द्या. एकदा पाया पडली, चार नकला केल्या की झालं. मेंढ्या बसवा रानात.

आई बाजंवर बसली व्हती. बाप आजून रानातनं यायचा व्हता.

"जा," आई म्हणली. "पाया पडायला काय लागतंय."

"न्हाई."

"माझ्यासाठी जा."

"तुझ्यासाठी तर न्हाईच."

"म्या गुडघ्यानं चालते आता," आई म्हणली. "तुजा बाप दिवसाला आठ कोस चालतो. मला त्याच्या मागं जावं लागंल. ह्या वयात. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

तिचा गुडघा सुजलेला मला दिसत व्हता. तिनं त्याच्यावर एरंडाचं पान बांधलं व्हतं, वरून चिंधी. मी त्याच्याकडं बघून बोलले. दुसरीकडं बघून बोलले असते तर सोपं गेलं असतं.

"न्हाई जाणार, आई. मी कॉलेज सोडून तुझ्या जागी कळपामागं जाते. पण तिथं न्हाई जाणार."

"कॉलेज सोडलंस तर तंगडं मोडीन," आई म्हणली.

मग ती उठली अन् पोत्यातनं वाघर काढली. फाटली कुठं ते बघायला लागली, गंगथडीला न्यायची म्हणून. मी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती अंगणात पसरली. कुठं कुठं मेंढ्यांनी शिंगं घालून भोकं पाडली व्हती. ती सुतळीनं शिवत बसलो. ती माझ्याशी बोलली न्हाई. मी पण तिला मनवलं न्हाई.

परवा ती गेली. गुडघ्याला चिंधी बांधून, पंचवीस मेंढ्या पुढं घालून, बापाच्या मागं. मी बीडची गाडी पकडली. ती जाताना मला बरी ऱ्हा म्हणली न्हाई. मला वाटलं पण न्हाई की म्हणंल.

तिच्या पायाचं पाप माझ्यावर हाय. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाई. तरी तात्याच्या रानात मी पाय ठेवणार न्हाई. ह्या हिवाळ्यात न्हाई. पुढच्या हिवाळ्यात न्हाई. त्यानं रान दिलं तरी न्हाई, अन् आई माझ्या पाया पडली तरी न्हाई.